चार थरांचा लेसर

५ ऑगस्ट

मृणालीने आज सगळ्यांना एकेक वही दिली. लॅबमध्ये जे घडेल ते त्याच दिवशी लिहायचं, हा तिचा नियम. तिच्या वहीत आकडे. तिच्या हाताखालच्या विनिताच्या वहीत वेळ, तापमान, किती काम झालं ते. मला म्हणाली, बाबा, तुम्ही तुम्हाला वाटेल ते लिहा. म्हणजे माझी वही कुणी वाचणार नाही. उत्तम. मग हिच्यात वैताग लिहायला हरकत नाही.

पहिल्या पानावर नाव-गाव हवं. अंबाजी घरत, मुक्काम पोयनाडजवळ, वय एकसष्ट. तेराव्या वर्षी मिठागरात पाट्या उचलल्या, मग ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग मालक. अकरा ट्रक होते, आता चार आहेत. बाकीचे सात ज्या शेडमध्ये उभे राहायचे तिथे आमच्या पोरीने लेसरची लॅब काढली आहे. पांढरी फरशी, दाराला प्लास्टिकचे पडदे, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. देवळात शिरताना करत नाही एवढी तयारी माझ्याच शेडमध्ये शिरताना करावी लागते.

पुण्याच्या एका कंपनीला तीन लेसर हवेत, डोळ्यांच्या ऑपरेशनच्या मशीनमध्ये बसवायला. तिन्ही बहात्तर तास न अडखळता चालले पाहिजेत, आणि ते कसे बनवले याचा कागद सोबत द्यायचा. तारीख तीस नोव्हेंबर. जमलं नाही तर ते बाहेरून घेणार आणि शेड पुन्हा ट्रकची. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने मृणालीला बोलावलं आहे, ते उत्तराची वाट बघतायत. ती म्हणते, आधी हे. मी म्हणतो, तुझी मर्जी. मला काय, शेड रिकामी झाली तर ट्रक सावलीत राहतील.

आज तीन तास वीज नव्हती. खाऱ्या वाऱ्याने खांबावरच्या चिनीमातीच्या चिमण्यांवर मीठ बसतं आणि पाऊस लागला की ठिणग्या उडतात. इतकी वर्षं मीठ वाहिलं, आता ते सूड घेतंय.

११ ऑगस्ट

काशीदचा प्रणय आला होता, माझ्या बायकोच्या, केसरच्या मावसबहिणीचा मुलगा. किनाऱ्यावर रिसॉर्ट आहे त्याचं. ऐकलं म्हणे तुमच्याकडे लेसर बनतो, थर्टीफर्स्टला पार्टीत नाचवायला एक हवा, हिरवा. म्हटलं, बाबा रे, आमचा लेसर डोळ्यांना दिसतच नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी फुकटच म्हातारा झालो.

मृणाली आत होती, म्हणून समजावायचं काम माझ्याकडे. टोलनाक्याचा दाखला दिला. केसाएवढ्या काचेच्या धाग्याचं एक कडं आहे, त्यात प्रकाश गोल फिरतो. वाटेत एक नाका बसवला आहे, ग्राफीनचा. ग्राफीन म्हणजे कोळशाच्याच जातीचा पडदा, पण एका अणूएवढा जाड. हा नाकेवाला विचित्र. एकटा-दुकटा रमतगमत येणारा प्रकाश अडवतो. पण सगळे एकदम, बंपरला बंपर लावून, हॉर्न वाजवत आले की घाबरून दांडी वर करतो. मग प्रकाशालाही अक्कल येते. सुटं फिरण्यात राम नाही, हे कळून तो एका घोळक्याने फिरायला लागतो. तो घोळका म्हणजे पल्स. सेकंदाला असे चार कोटी बाहेर पडतात, आणि प्रत्येक इतका आखूड की मधला बहुतेक वेळ अंधारच असतो. असा ठोका डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर मारला तर कापतो, पण भाजायला त्याला वेळच मिळत नाही.

प्रणयने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, पण हिरवा होईल का?"

१९ ऑगस्ट

नळी क्रमांक सहा. गेली.

ग्राफीन तांब्याच्या पातळ पत्र्यावर वाढवलेलं येतं, परदेशातून, एका डबीत शंभर चौकोनी तुकडे. वर प्लास्टिकचा लेप. तांबं रसायनात विरघळवायचं, की ती फिल्म पाण्यावर तरंगत राहते. मग ती नळीच्या टोकावर उचलून घ्यायची. नळी म्हणजे काडेपेटीच्या काडीएवढी पांढरी कांडी, तिच्या मधून तो काचेचा धागा जातो. एक थर चढवायचा, दिवसभर वाळवायचा, लेप धुवायचा, दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा. मृणालीच्या गणिताने चार थर. सोमवारी सुरू केलं की गुरुवारी नळी तयार.

सांगायला सोपं. फिल्म पाण्यावर असते तेव्हा दिसत नाही, फक्त चकाकी दिसते. मृणाली चिमटा घेऊन जाते आणि ती चुरगळते, फाटते, किंवा दुसऱ्या टोकाला पळते. एवढी शिकलेली पोर वाटीभर पाण्यापुढे रडकुंडीला येते. आणि ज्या नळ्या नीट होतात, त्या लेसरमध्ये घातल्या की गातात.

हे गाणं पहिल्यांदा मी ऐकलं. पडद्याबाहेर उभा होतो, म्हटलं आत डास आहे. विनिता म्हणाली, डास कसा शिरेल. मी म्हटलं, काळ्या पत्र्यावर तुमचा किरण पडतो, तिथून येतोय. मृणालीने यंत्रावर पाहिलं. पल्स एकसारखे येण्याऐवजी गठ्ठ्यागठ्ठ्याने येत होते, सेकंदाला नऊ हजार गठ्ठे, आणि त्याचीच ती शिट्टी. नीट चालणारा लेसर गप्प असतो. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला नोझल गेला ते मी सांगतो, त्यापुढे हे काय. तेव्हापासून लेसर चालू करायचा झाला की मला बोलावतात. मी कान देतो आणि वाईट बातमी सांगतो. छान नोकरी आहे.

४ सप्टेंबर

गौरी-गणपतीला मनुबाय आली ती राहिलीच आहे. माझी थोरली बहीण. पेणपलीकडे खाडीकाठी राहते, सासर-माहेर दोन्हीकडे मिठागरं. मिठागर बंद पडलं तरी उन्हात गेली की डोळे बारीक करून वारा कुठून आहे ते आधी बघते.

आज लॅब बघायची म्हणाली. टोपी घालायला तयार होईना, मग डोक्यावरून पदर घेते तशी घेतली. मृणालीची फिल्मशी मारामारी चालली होती. बाय काचेतून बघत राहिली. म्हणाली, "पोर पान्याशी भांडते. पानी कधी ऐकलंय कोनाचं?"

मग आत गेली. मिठागरात मीठ धरायला लागलं की आधी पाण्यावर पातळ साय येते. ती मोडू न देता बाजूला घ्यायची असेल तर वरून हात घालत नाहीत. खालून, तिरकं, श्वास सोडत. बायने नळी पाण्यात बुडवली, फिल्मच्या खाली नेली आणि साय काढावी तशी वर आणली. बसली. एक सुरकुती नाही. मृणाली तिच्याकडे अशी बघत होती की लहानपणी तिने आत्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नसेल.

उद्यापासून मनुबाय कामावर. पगार किती म्हणून मी विचारलं तर म्हणाली, सकाळचा चहा मी करायचा, तुमचा चहा गोड पानी.

१९ सप्टेंबर

बायच्या पहिल्या तीन नळ्या तयार. तिला वेळ लागतो, तिचं शुक्रवारीच उरकतं. सोमवारी आत शिरली की आधी हात जोडते, 'देवाचा' म्हणते, मग काम. मंगळवारपासून तोंडातल्या तोंडात मोजते. मास्कमुळे विनिताला ऐकू जात नाही, मला पडद्याबाहेरही जातं. मिठागराची आठवण झाली, बरं वाटलं.

दुपारी पहिली नळी लेसरमध्ये घातली. मी कान दिला. काही नाही. पुन्हा कान दिला. काही म्हणजे काहीच नाही. मृणाली यंत्राकडे बघून खुर्चीत बसली आणि एकच म्हणाली, लागला. म्हणजे प्रकाशाचा घोळका जमला. बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा लागला. तिन्ही नळ्या तशाच.

केसरने शिरा केला. वीज गेली, तर तो कंदिलाच्या उजेडात संपवला.

२६ सप्टेंबर

वैताग. बायसाठी वेगळी उघडलेली तांब्याची डबी संपली. शंभर तुकडे, नळीला चार, म्हणजे पंचवीस नळ्यांचा माल. आधीच्या तीन आणि या आठवड्यात एकदम लावलेल्या सतरा, बायच्या वीस नळ्यांतच खलास. तिला विचारलं तर म्हणते, एक पन वाया घालवला नाय, देवाशपथ. तिच्यावर माझा विश्वास आहे. मग राहिलं कोण? शंभर तुकडे मोजून डबी बायच्या हाती दिली विनिताने. तिला ओरडलो. मोजता येत नाही तर सांग, म्हटलं. पोरगी म्हणाली मी बरोबर दिले काका, आणि डोळे पुसत बाहेर गेली. नवीन डबी यायला तीन आठवडे. तोवर मृणालीच्या जुन्या डबीत उरलेल्या तुकड्यांवर भागवायचं.

मृणालीला हे सांगितलं तर ती ऐकतच नव्हती. दुसऱ्याच चिंतेत होती. तिची स्वतःची नळी काल गायली.

८ ऑक्टोबर

आता स्वच्छ चित्र आहे आणि त्यामुळेच डोकं फिरायची वेळ. मनुबायच्या वीसांपैकी अठरा नळ्या गप्प. मृणाली आणि विनिताच्या मिळून अकरा, त्यातल्या दहा गातात. तीच फिल्म, तेच पाणी, तेच चार थर. वहीत पण चार, विनिताने रोजच्या रोज लिहिलेले.

मृणालीने बायच्या हाताचा व्हिडिओ काढला. तिरकं किती अंश, वर यायला किती सेकंद. आता तिचा हात हुबेहूब बायसारखा चालतो, फिल्मला एक सुरकुती पडत नाही. नळी लेसरमध्ये घातली की डास.

मी म्हटलं, अगं, हाताला गुण असतो. तुझ्या आजीच्या हातचं लोणचं कधी बुरसलं नाही, तुझ्या आईचं दरवर्षी बुरसतं. हे केसरने ऐकलं. आज ताटात लोणचं नव्हतं.

मृणाली म्हणाली, "एका हाताशिवाय जो चालत नाही, तो लेसर नाही बाबा, तो चमत्कार आहे. चमत्कार मला विकायचा नाही."

शिकलेल्या माणसाला चालत्या गाडीत बसायला पण आधी इंजिन उघडून बघायचं असतं.

१७ ऑक्टोबर

पुण्याच्या कंपनीचा विपुल आला होता. तिशीतला, टापटीप, बोलायला गोड. लेसर पाहून खूश. त्याला मी मनुबायची ओळख करून दिली आणि सगळं तिच्या हातात आहे म्हणून अभिमानाने सांगितलं. मृणालीने मला डोळ्यांनी गप्प करायचा प्रयत्न केला, तोवर उशीर झाला होता.

विपुल हसत म्हणाला, आजींचा हात आम्हाला विकत घेता येणार नाही, काका. उद्या आजींना ताप आला तर आमचा डॉक्टर डोळा अर्धा कापून ठेवणार का? त्याला कागद हवा. आणि तीन लेसर असे हवेत की जे त्या कागदावरून दुसऱ्या कुणी बनवलेत. आजींनी हात लावायचा नाही.

बाय चहा घेऊन आली होती, तिने ऐकलं. तिने त्याच्या कपात साखर घातली नाही, हे मी पाहिलं.

तारीख तीच. तीस नोव्हेंबर.

२७ ऑक्टोबर

दिवाळीत चार दिवस लॅब बंद. मृणालीने मुंबईहून एक कोट आणला, गुडघ्यापर्यंत जाड, आत लोकर. लॅबचा एसी अठरावर असतो हे खरं, पण एवढा? दोन्ही बाह्यांत मी मावेन. केसरला विचारलं तर म्हणाली, सेल होता.

सुट्टीनंतर लॅबची चावी विनिताकडे दिली आहे. सकाळी उघडायचं तिने, लेसर चालू करायचा तिने, बिघडला तर कारण आधी तिने शोधायचं. मृणाली मागे उभी राहते आणि सांगत नाही. मी सांगायला गेलो तर मलाच बाहेर काढलं. काम जवळ आलं की लोक हात चालवतात, ही दुसऱ्याला शिकवत बसली आहे.

३ नोव्हेंबर

शेडच्या मागे बोललं की मला ऐकू येत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटतं. दुपारी मृणालीला जर्मनीहून फोन होता. इंग्रजी होतं, पण एवढं मला कळतं. डिसेंबर शक्य नाही, म्हणाली. दोनदा म्हणाली. काम अर्धवट टाकून मी येणार नाही.

झालं. नाही म्हणाली. संपला विषय.

कुणाला काही बोललो नाही. पण गाड्यांच्या ऑफिसात गेलो तर ड्रायव्हर म्हणाला, शेठ आज शिट्टी का वाजवताय.

आता लेसर लागला पाहिजे. नवीन डबी आली आहे. मृणालीच्या आज आणखी दोन गायल्या.

११ नोव्हेंबर

आज काय झालं ते नीट लिहितो, कारण मला अजून स्वतःचा राग येतोय.

विपुल पुन्हा आला. कागद तयार नाही म्हणून त्याने मधला मार्ग काढला, मनुबायच्या दहा नळ्या पुण्याला तपासायला नेतो, तिथली माणसं काही शोधू शकली तर बघू. मृणाली आत विनिताबरोबर होती. मी कपाटातून नळ्या काढून त्याच्या डबीत एकेक ठेवत गेलो. डबी बंद केली. त्याने उघडली, बोट फिरवलं.

"काका, अकरा आहेत."

"दहाच आहेत. पहिला देवाचा. तो मोजत नाहीत."

तो हसला, मी पण हसलो. म्हणाला, मग एक आम्हाला फुकट का? मी सांगितलं, मिठागरात होडी भरताना पहिली पाटी देवाची, मोजणी तिच्यानंतर. शेठचा कारकून पण तसंच लिहायचा. आमची जीभच तशी वळली आहे, मुद्दाम करावं लागत नाही.

मृणाली दारात आली होती. मास्क हनुवटीवर, हातात चिमटा तसाच.

"आत्या पण असंच मोजते?"

"मग आणखी कसं मोजणार?"

ती आत गेली. मी विपुलला चहा विचारला. खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात काही पेटलं नव्हतं. ती विनिताची वही घेऊन बाहेर आली आणि माझ्यापुढे धरली. मनुबायच्या प्रत्येक नळीपुढे मंगळवार, एक. बुधवार, दोन. गुरुवार, तीन. शुक्रवार, चार. सोमवारचा रकाना रिकामा. विनिताला वाटत होतं सोमवारी आत्या भांडी धुऊन तयारी करते. तिने सांगितलं तेवढंच लिहिलं.

पाच थर. पहिल्यापासून पाच.

बायला विचारलं. ती म्हणाली, पाच कशाला, चारच घातले. पयला तं देवाचा.

मृणालीने कपाळाला हात लावला. एक थर शंभरातले दोन-सव्वादोन भाग प्रकाश खातो. नळी जोडताना तेवढा फरक एरवीही पडतो, म्हणून तिला मोजताना तो दिसला नाही. तिचं गणित दुसऱ्या फिल्मचं होतं, ही जरा विरळ निघाली असणार. चारवर लेसर काठावर डुलतो, पाचवर बसतो. एवढंच.

एवढंच. आणि मी सप्टेंबरपासून पडद्याबाहेर उभा राहून बायचं मोजणं ऐकत होतो. कानात गेलं, डोक्यात नाही. कारण माझ्याही हिशोबात ते चारच होते. वीस नळ्यांत शंभर तुकडे संपले तेव्हा दुसरीतल्या पोराने भागाकार केला असता. मी विनिताला ओरडलो.

संध्याकाळी तिची माफी मागितली. ओरडलो होतो मोठ्याने, माफी जरा हळू आवाजात निघाली. विनिता म्हणाली, ऐकू आलं नाही काका. पुन्हा मागितली.

१२ नोव्हेंबर

नवा वैताग. मृणालीने कागदावर लिहिलं, पाच थर. मनुबायला वाचून दाखवलं, तर बाय उठून उभी राहिली. "पाच नाय. चार. देवाचा मोजला तं मंग तो देवाचा कसा राह्यला?"

मी म्हटलं, बाय, हे मशीनचं आहे, ह्यात देव कशाला. ती म्हणाली, तुज्या ट्रकला लिंबू कशाला?

तिचा मुद्दा सरळ होता. दोन महिने तिने घातलेला एक थर आज तिच्याकडून काढून घेऊन कागदाच्या नावावर लावतायत. आणि वर तीच मोजायला चुकली असं ठरतंय. ती चुकली नव्हती. ज्याने त्याने आपापलं बरोबर मोजलं होतं.

बाय जेवली नाही. केसर तिच्याशी बोलली, तीही न जेवता परत आली. दोन बायका उपाशी आणि मी ताटावर, शेवटी मीही ताट झाकून ठेवलं.

मृणाली तासाभराने कागद घेऊन आत्याजवळ खाली बसली. खोडून लिहिलं होतं, 'आधी एक पायाचा थर द्यावा. त्यावर चार थर चढवावेत.' तिने विचारलं, हे चालेल? बायने तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, पायाचा म्हंजे कोनाचा ते सगल्यांना म्हायती हाय. आणि ताट वाढायला सांगितलं.

विपुलला फोन केला. त्याच्या लोकांना 'पायाचा थर' फार आवडला. शास्त्रीय वाटतो म्हणे.

२१ नोव्हेंबर

विनिताने कागदावरून तीन नळ्या केल्या. मनुबाय काचेबाहेर हात मागे बांधून उभी होती, मधून मधून माझा दंड चिमटायची. विनिताने एक फिल्म फाडली तेव्हा जोरात.

तिन्ही आज लेसरमध्ये. मी कान दिला. एक गप्प. दोन गप्प. तिसरा चालू करताना क्षणभर किणकिणला, मग गप्प. मृणाली म्हणाली, सुरू होताना तेवढं चालतं. मला नाही चालत.

२८ नोव्हेंबर

बहात्तर तास मंगळवारी सकाळी सुरू झाले. विपुल वडखळच्या लॉजवर राहिला आणि दिवसातून चार वेळा येऊन मच्छर चावल्याच्या तक्रारी करत आकडे टिपत होता. बुधवारी वीज गेली, अर्थात. जनरेटर लागला. लेसरला कळलं नाही, मला कळलं, बीपी वाढलं.

आज सकाळी दहा वाजता बहात्तर झाले. विपुलने सही केली. मनुबायला म्हणाला, आजी, तुमच्याशिवाय झालं. ती म्हणाली, "माज्याशिवाय कसा? कागदावर पयला कोन बसलाय?" आणि या वेळी त्याच्या चहात साखर घातली.

कागदाच्या खाली मृणालीने लिहिलं आहे, पद्धत श्रीमती मनुबाई यांची. बायने अंगठा लावला नाही, सही केली. म्हणाली, प्रौढांच्या वर्गात शिकले होते, पंचवीस वर्षांनी कामाला आली.

पुणेवाल्यांना पुढचे बारा हवेत. लॅब राहिली.

१ डिसेंबर

मृणालीने आज लॅबच्या कामाचा तक्ता लावला. विनिताच्या नावापुढे सगळं. नवीन दोन मुली शिकायला येणार, त्या मनुबायच्या हाताखाली. हिशोबापुढे आणि भांडणापुढे माझं नाव. तिचं नाव शोधलं, कुठेच नव्हतं. म्हटलं, तुझं राहिलं की.

ती म्हणाली, "एका हाताशिवाय चालत नाही ती लॅब नाही, बाबा. तो हात माझा असला तरी."

डिसेंबरात शक्य नाही, कारण जर्मनीला जायचं जानेवारीत ठरलं होतं. तीन वर्षांसाठी. फोनवर ती हेच सांगत होती. केसरला दिवाळीपासून माहीत होतं, तो कोट तिनेच निवडला. मनुबायला माहीत होतं. विनिताला माहीत होतं. विपुललासुद्धा, आणि त्याने माझ्यासमोर दीड महिना चहा प्यायला. या घरात सर्वांत तीक्ष्ण कान माझे, आणि सर्वांत शेवटी कळलं मला. मला वाटत होतं की लेसर लागला नाही तर ती जाईल. लागला म्हणून चालली.

मी शेडच्या मागे जाऊन बसलो. तीही येऊन बसली. काही बोललं पाहिजे म्हणून विचारलं, जर्मनीत वीज जाते का. म्हणाली, नाही. म्हटलं, मग तुला करमायचं नाही. ती हसली आणि मग तिला हुंदका आला, आणि मी इकडेतिकडे बघितलं, कारण असल्या वेळी काय करायचं ते मला कधीच जमलं नाही. शेवटी डोक्यावर हात ठेवला. टोपी होती, लॅबची. टोपीवरच ठेवला.

नको जाऊ, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. ते मी म्हटलं नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

८ जानेवारी

विमान उद्या दुपारी दोनला. मोठ्या बॅगा कालच भरल्या. बायने सुक्या जवळ्याच्या पुड्या दिल्यात, पाच ठिकाणी लपवून, एक तरी पोचेल म्हणून.

निघायच्या वेळेवरून सकाळपासून वाद. मृणाली म्हणते, सहाला निघू, पुरे. वडखळला जाम असतो, पनवेलच्या आधी काम चालू आहे, ट्रकवाला मी आहे की ती? केसर म्हणाली, तिला झोपू दे. विनिताने फोनवर नकाशा दाखवला, तीन तास.

मी गाडी धुऊन ठेवली आहे. पहाटे चारला निघणार आहोत.